वाळीत पडलेले आणि एकटे पडलेले: कादंबऱ्यांत हे दोघे एकच का होतात?

मांडवीकाठ

फोंड्याला आमचा एक वाचनकट्टा आहे. पावसाळ्यात जत्रा नाहीत, नाटकं नाहीत, म्हणून त्या चार महिन्यांत आम्ही एक विषय धरून वाचतो. यंदाचा विषय ठरलाय ‘अलगपण आणि एकटेपण’. यादी अशी: स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ (१९३७), ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०), मुल्कराज आनंदांची ‘अनटचेबल’ (१९३५), विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) आणि नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३).

पुस्तकांबद्दल तक्रार नाही. पण पाचही एकाच खुंटीला टांगलीत, ते मला पटत नाहीय. ‘कोसला’चा नायक सांगवीकर पुण्यात राहून एकटा आहे, कबूल. पण मेस आहे, होस्टेल आहे, बापाची मनिऑर्डर आहे. त्याला विहिरीपासून लांब उभं राहून ‘कोणीतरी पाणी वाढा’ म्हणायची वेळ आली नाही. ‘अनटचेबल’मधल्या बाखावर आणि त्याच्या बहिणीवर ती रोज येते. बाखा बाजारातून जाताना खुशीत जिलेबी घेतो, चालता चालता एका सवर्णाला धक्का लागतो, माणसं जमतात, शिव्या, मग थप्पड, आणि जिलेबी धुळीत. हे सांगवीकराच्या उदासपणाच्या शेजारी ठेवायचं?

माझं म्हणणं, एक गोष्ट लोक तुमच्यावर लादतात, दुसरी तुमच्या आत उगवते. दोन्हींना ‘एकटेपण’ म्हटलं की पहिल्याचा गुन्हा कोणाचा हे विसरायला होतं. तुमचं काय मत?

सुरंगी

धागा आवडला. पण ही विभागणी इतकी साफ नाही हो. ‘ऑफ माइस अँड मेन’मधला, मळ्यावर घोडे सांभाळणारा क्रुक्स बघा. घोड्यांच्या तबेल्याला टेकलेली त्याची खोली. खिडकीखाली शेणाचा ढीग. पेंढा भरलेली पेटी म्हणजे पलंग. भिंतीला लगाम, खोगिरं, औषधाच्या बाटल्या. आणि मग लेखक हळूच सांगतो की खिळ्याला सोनेरी काडीचा चष्मा आहे, फाटकी डिक्शनरी आहे आणि कॅलिफोर्नियाच्या १९०५ च्या दिवाणी कायद्याची चुरगळलेली प्रत आहे. म्हणजे हा माणूस आपले हक्क काय आहेत ते रात्री वाचतो, आणि सकाळी उठून घोड्यांना मलम चोळतो. गडी लोकांच्या खोलीत पत्ते खेळायला त्याला मज्जाव. बाहेर घोड्याच्या नालांचा खेळ चालतो तेव्हा मात्र चालतो, कारण तो उघड्यावर.

मला हलवलं ते पुढच्याने. शनिवारची रात्र, सगळे गावात गेलेत. उरलेत चौघे: काळा क्रुक्स, हात तुटलेला म्हातारा कँडी, मतिमंद लेनी आणि मालकाच्या मुलाची, कर्लीची बायको, जिला लेखकाने नावसुद्धा दिलेलं नाही. चौघेही बाहेर टाकलेले. आपल्याला वाटतं आता हे एकमेकांना धरतील. तर क्रुक्स लेनीला काय विचारतो? तुझा सोबती जॉर्ज परत आलाच नाही तर? लेनी घाबरेपर्यंत तो ते ताणतो, आणि त्याला बरं वाटतं! मग कर्लीची बायको येते आणि क्रुक्सला त्याची जागा दाखवते: मनात आणलं तर झाडाला टांगवू शकते तुला. तो पुन्हा इतका लहान होतो की खोलीत असून नसल्यासारखा.

म्हणजे लादलेलं अलगपण आत शिरतंच. शिरल्यावर तेच एकटेपण. मग वेगळं कसं करणार?

खवचट_बांगडा

एवढं सगळं वाचून पावसाळा घालवणार? त्यापेक्षा सुंगटं (कोळंबी) सोला. 😀

(गंमत बाजूला. कँडी त्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकतो ना त्याच रात्री? इतकी वर्षं दोघे एकाच मळ्यावर, आणि तो म्हणतो मी आत कधी आलोच नव्हतो. ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.)

डिचोलकर

मांडवीकाठ, यादीत ‘बळी’ नाही? ‘रणांगण’ घेता आणि ‘बळी’ सोडता हे काही बरोबर नाही. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, विश्रामरावांच्या पत्नी. नवऱ्याने १९३९ मध्ये बोटीवर अडकलेल्या ज्यू मुलीची गोष्ट लिहिली आणि बायकोने १९५० मध्ये तारेच्या कुंपणात कोंडलेल्या माणसांची. एका घरात दोन कुंपणं. मराठीत असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात अख्ख्या जाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. त्यांची नोंद, हजेरी, पोलिसाला कळवल्याशिवाय हलायचं नाही, आणि पुढे सेटलमेंट म्हणजे कुंपण घातलेल्या वसाहती. सोलापूरची सेटलमेंट त्यांपैकी एक. मालतीबाईंनी तिथे काम केलं होतं, त्यामुळे ‘बळी’त जे आहे ते डोळ्यांनी बघितलेलं आहे. कायदा देशभर रद्द झाला १९५२ मध्ये.

मांडवीकाठ

‘बळी’ घालतो यादीत, धन्यवाद. सुरंगी, क्रुक्सबद्दल सहमत. पण ‘शिरतंच’ हा शब्द जरा जड वाटतोय. सगळ्यांच्यात शिरतं का?

तारवटी

मी बोटीवर असतो, इथे क्वचित लिहितो. ‘रणांगण’चा विषय निघाला म्हणून लिहितोय.

२०२० च्या एप्रिलमध्ये आमची बोट मुंबईच्या बाहेर उभी होती. कोरोनामुळे उतरू देत नव्हते. बोटीवर आम्ही गोंयकार बरेच. रात्री किनाऱ्यावरचे दिवे दिसायचे, मोबाइलला मुंबईची रेंज यायची, घरच्यांशी बोलणं व्हायचं. आई विचारायची ‘पावलो मरे?’ आणि काय सांगायचं कळायचं नाही, कारण पोचलो तर होतो. त्या दिवसांत कोणीतरी मला ‘रणांगण’ची पीडीएफ पाठवली. मुहूर्त बघा.

वाचून सगळे म्हणतील, वा, तुझीच गोष्ट. तर नाही. मला राग आला होता तो त्याच तुलनेचा. मला माहीत होतं की आज ना उद्या उतरणार, माझ्या पासपोर्टवर हा देश माझा आहे असं छापलेलं आहे. ‘रणांगण’मधल्या त्या ज्यू मुलीला, हेर्टाला, मुंबई बघता येते, पण उतरता येत नाही, आणि मागे जर्मनीत जायचं म्हणजे मरण. तिच्यावर जीव जडलेला चक्रधर उतरतो. ती बोटीवर राहते आणि शेवटी पाण्यात उडी घेते. माझी वाट होती, तिची वाटच नव्हती. दोन्हींना ‘अडकलेले’ म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

आणखी एक. ‘रणांगण’ सांगतो कोण? चक्रधर. म्हणजे जो उतरला तो. हेर्टाने सांगितली असती तर पुस्तक वेगळं झालं असतं.

सुरंगी

तारवटी, तुमचं शेवटचं वाक्य मला सोडेना. मग मी बाकीची पुस्तकं त्या नजरेने चाळली.

मॉकिंगबर्ड: सांगणारी गोऱ्या वकिलाची पोर. क्रुक्स: त्याला आपण बाहेरून बघतो. बाखाच्या मनात आनंद शिरतात खरे, पण ते भंगी वस्तीतले नव्हेत. ‘बळी’: मालतीबाई संध्याकाळी कुंपणाच्या फाटकातून बाहेर पडून घरी जाऊ शकत होत्या. सगळीकडे सांगणारा उतरू शकणारा आहे. आणि या सगळ्यांत वाळीत पडलेला माणूस कसा दिसतो? एकटा. अगदी एकटा. क्रुक्स मळ्यावरचा एकमेव काळा. बाखा दिवसभर एकटा भटकतो. हेर्टा तर समुद्रातच गेली.

आता ‘फकिरा’ काढा (१९५९). अण्णाभाऊ वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेले. मांगांवर इंग्रजांचा जाच, पोलीस, दुष्काळ, उपासमार, सगळं आहे. पण एकटं कोणी आहे का त्यात? मांगवाडा भरलेला आहे. भांडतात, लग्नं लावतात, एकत्र दरोडा घालतात, एकत्र मरतात. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) घ्या, मुंबईतला तो कावाखाना, माणसांवर माणसं. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (१९८७) म्हणजे ‘बळी’तल्याच कायद्याचा शिक्का बसलेल्या जमातीची गोष्ट, पण फाटकाच्या आतून. रात्री पोलिसांची धाड पडते तेव्हा एका माणसावर नाही, अख्ख्या घरावर पडते.

तर माझा अंदाज: अलगपण आतून बघितलं तर गर्दी असते. बाहेरून बघणाऱ्यालाच तिथे एक उदास चेहरा दिसतो, कारण त्याला एकाच वेळी एकच चेहरा बघवतो. मांडवीकाठ, तुमचं ‘वेगळं करा’ म्हणणं मला आता निराळ्या कारणासाठी पटतंय.

रानमोगरा

व्वा सुरंगी! +१

मॉकिंगबर्डमध्ये याची एक झलक आहे. वकिलाच्या घरची काळी स्वयंपाकीण कॅल्पर्निया पोरांना आपल्या चर्चमध्ये घेऊन जाते. तिथे प्रार्थनेची पुस्तकं नाहीत, एकजण ओळ सांगतो आणि सगळे ती म्हणतात. आणि घरात नीटस बोलणारी कॅल्पर्निया तिथे आपल्या माणसांच्या बोलीत बोलते. गोष्ट सांगणारी पोर, स्काउट, चकित, की हिचं आमच्या घराबाहेर एक अख्खं जग आहे! लेखिका दार उघडते आणि लगेच बंद करते, एवढीच तक्रार.

गोऱ्या मुलीवर अत्याचार केल्याच्या आरोपावरून काळ्या टॉम रॉबिन्सनवर खटला चालतो, त्या कोर्टातसुद्धा तेच. खाली गोरे, वर काळ्यांची गॅलरी. पोरांना खाली जागा मिळत नाही म्हणून पाद्री त्यांना वर नेतो, आणि पुढच्या रांगेतले चार जण उठून त्यांना बसायला देतात. आपल्याच वेगळ्या काढलेल्या जागेतली चांगली जागा गोऱ्या पोरांना! मला तो प्रसंग खटल्यापेक्षाही जास्त बोचतो.

आणि त्या पुस्तकातली खरी एकटी कोण? टॉम रॉबिन्सन नाही. त्याला बायको आहे, पोरं आहेत, वस्ती आहे. एकटी मायेला युएल, आरोप करणारी. गोरी. कचऱ्याच्या ढिगाशेजारी राहणारी, धाकट्या सात भावंडांना आइस्क्रीम खायला गावात पाठवता यावं म्हणून वर्षभर नाणी साठवणारी. स्काउटला वाटतं, ही घराबाहेर न पडणाऱ्या बू रॅडलीपेक्षाही एकटी असेल. आणि टॉमने कोर्टात काय गुन्हा केला? म्हणाला, मला तिची दया आली. काळ्या माणसाला गोरीची दया येणं त्या गावाला झेपलं नाही.

भाट_आणि_मुंडकार

आपण सगळे अलाबामा आणि सोलापूर फिरून आलात, आता घरी या. गोव्यातले लोक गोव्याची पुस्तकं कधी वाचणार?

माझे वडील पणजीच्या लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत शिकलेले. आमच्या घरी पोर्तुगीज पुस्तकं होती, मला वाचता येतं म्हणून सांगतो. गोमंतकीयाने लिहिलेली पहिली कादंबरी म्हणतात ती फ्रान्सिस्कु लुईस गोमिशांची ‘ओस ब्राह्मनेस’, म्हणजे ‘ब्राह्मण’, १८६६ मध्ये लिस्बनला छापलेली. लेखक नावेलीचे, पोर्तुगालच्या पार्लमेंटात गोव्याचे प्रतिनिधी. कांपालच्या बागेत पुतळा आहे, तिथे तुम्ही पाणीपुरी खाता, वर मान करून बघत नाही. कादंबरी घडते उत्तर हिंदुस्थानात, १८५७ च्या सुमाराला. मुद्दा असा की ब्राह्मण म्हणजे फक्त जानवं घालणारे नव्हेत, गोरे साहेब हीसुद्धा एक तशीच जात आहे. दीडशे वर्षांपूर्वी हे लिहिलंय.

दुसरी ओर्लांदु द कोश्तांची ‘उ सिग्नु द इरा’, १९६१. कुणबी लोकांवर, त्यांच्या भाटकारांवर, म्हणजे जमीनमालकांवर. (हो, पोर्तुगालचे माजी पंतप्रधान आंतोनियु कोश्ता यांचे वडील तेच.)

तिसरी १९६२ ची ‘बोडकी’, आगुश्तिन्यु फर्नांडिसांची. काणकोणात माशें गावी एक तरुण डॉक्टर जातो, आणि गावाने जिला अपशकुनी ठरवलंय अशी विधवा तिथे आहे. गावात काही वाईट झालं की बोट तिच्याकडे.

सुरंगीबाईंचा सिद्धांत इथे लागतो. ‘बोडकी’ बाहेरून सांगितलेली आहे. हरिभाऊ आपट्यांची यमू घ्या, ‘पण लक्षात कोण घेतो’. तीही केशवपन केलेली विधवा, पण ‘मी’ म्हणून बोलते. बाहेरून बघितलं तर बोडकी, आतून बघितलं तर यमू. बाई तीच.

डिचोलकर

काका, यमू ‘मी’ म्हणते, पण लिहिणारे हरिभाऊच की. पुरुष. तेही फाटकातून बाहेर पडू शकणारे. आणि यमू गर्दीत आहे, एकत्र कुटुंबात, चुलीपाशी दहा बायका. तरी तिच्याएवढं एकटं मराठीत कोण आहे? सुरंगीचा सिद्धांत इथे अडतो.

भाट_आणि_मुंडकार

अडू दे. अडला म्हणून मोडत नाही.

मांडवीकाठ

मीही एक अडसर टाकतो. राल्फ एलिसनची ‘इन्व्हिजिबल मॅन’ (१९५२). लेखक काळा, सांगणारा काळा, म्हणजे पूर्ण आतून. आणि तो कुठे राहतो? न्यूयॉर्कमध्ये एका तळघरात, एकटा, १,३६९ दिवे लावून, वीज चोरून! कोणी बघत नाही म्हणून स्वतःला दिसावं एवढा उजेड. गर्दी कुठाय इथे?

सुरंगी

मी हेच दोन दिवस चघळत होते. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आठवली, १९६३ च्या संग्रहातली. कथा आहे, कादंबरी नाही, पण इथे उपयोगी पडते. नायक महार, परगावी नोकरीला जातो, राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो. तो एकटा का? कारण वाड्यातून बाहेर पडला आणि दुसरीकडे कोणी आत घेत नाही. एलिसनचा माणूसही दक्षिणेतलं गाव आणि कॉलेज सोडून उत्तरेत आलेला. ‘बलुतं’ नीट वाचलं तर गर्दी आठवणारा माणूस आता सरकारी नोकरीत आहे, बोलायला कोणी नाही, म्हणून आठवतोय. क्रुक्सही कोंबड्यांच्या मळ्यावर बापाबरोबर वाढला होता, तिथे गोरी पोरं खेळायला यायची.

म्हणजे एकटेपण वाड्यातही नाही आणि गावातही नाही. ते दोहोंच्या मधल्या रस्त्यावर आहे. आणि मांडवीकाठ, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा सांगवीकर त्याच रस्त्यावर आहे. सांगवी सुटली, पुणं मिळालं नाही. वाडा वेगळा, रस्ता तोच. त्याची बहीण मनी देवी येऊन गेली तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता, हे त्याच्या सगळ्या तिरकस बोलण्याच्या खाली आहे.

तारवटी

यमूचं काय मग? ती कुठेच गेली नव्हती.

रानमोगरा

यमूचं मी सांगते, पुस्तकातून नव्हे, आमच्या आजीच्या आतेवरून. पालखी उतरली की राजांगणात कोणी कुठे उभं राहायचं हे आमच्या गावात कोणी सांगत नसे, सगळ्यांना ठाऊक. एका वाड्याचे लोक दीपस्तंभाच्या पलीकडे, पण तिथे पन्नास माणसं, हसणं-खिदळणं, पोरं खांद्यावर. आते मात्र सोवळी, ब्राह्मणाची विधवा, देवळाला लागून घर, आणि तरी खिडकीच्या आडून बघायची. समोर आलेलं चालत नसे. तिचा वाडाच नव्हता. विधवांचा वाडा कुठल्या गावात असतो? प्रत्येक घरात एकेक वाटून दिलेली.

वाळीत टाकलेल्यांना एकत्र राहू दिलं तर गर्दी होते, सुरंगी. यमूसारख्यांना एकत्रच येऊ दिलं नाही. देवळाला वाहिलेल्या भाविणींचं बघा, त्यांना देवळाच्या आसऱ्याने एकत्र ठेवलं, आणि पुढे त्याच समाजाने गोव्यात आपली संघटना उभी केली. बोरकरांची ‘भावीण’ (१९५०) या यादीत का नाही, हा माझा प्रश्न.

खवचट_बांगडा

आता ‘सुंगटं सोला’ म्हणायची हिंमत होत नाहीय.

डिचोलकर

रानमोगरा, दंडवत. ‘प्रत्येक घरात एकेक वाटून दिलेली’ हे मी कट्ट्यावर वापरणार, नाव सांगून.

मांडवीकाठ

यादी फिरवली आहे. कुठलंही पुस्तक आता एकटं नाही, जोड्या केल्या आहेत: ‘बळी’ आणि ‘उचल्या’ एका बैठकीत, ‘रणांगण’ आणि ‘फकिरा’ दुसरीत (भांडण होणार, होऊ दे), ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि ‘बोडकी’ तिसरीत. स्टाइनबेक आणि मॉकिंगबर्ड मिळून चौथी. ‘कोसला’ आणि ‘इन्व्हिजिबल मॅन’ जोडी मी स्वतः घेतो, सुरंगीने डिवचलंय म्हणून. बाखा आणि बागुलांची कथा शेवटच्या बैठकीला. ‘भावीण’ जास्तीची, रानमोगराने मांडायची.

अडचण एकच. ‘बोडकी’ पोर्तुगीजमध्ये वाचणारे कट्ट्यावर कोणी नाही, आणि यमूच्या शेजारी ती नसली तर बैठकीत दम नाही. भाट काका, तुम्ही याल का फोंड्याला? गाडी पाठवतो.

भाट_आणि_मुंडकार

गाडी नको, कदंबाच्या बसने येतो. मात्र पोर्तुगीजमधून उतारे वाचणार, मराठी अर्थ तुम्ही लिहून घ्यायचा. आणि त्याआधी पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत कोणीतरी जाऊन या, माझ्या प्रतीची शेवटची पानं वाळवीने खाल्लीत.

तारवटी

मी पुढच्या महिन्यात उतरतोय. ‘रणांगण’ची बैठक तोपर्यंत थांबवा. फकिराच्या बाजूने कोणी बोललं तर मला समोर बसून उत्तर द्यायचंय.

सुरंगी

फकिराच्या बाजूने मी आहे. या सावकाश.